आधी अक्कांना विचारा

"पोर्टल आहे की!"

हे वाक्य गेल्या दहा-बारा वर्षांत मी इतक्या खिडक्यांवर ऐकलंय, की आता त्याचा अर्थ मला "निघा इथून" असाच ऐकू येतो. पगाराची स्लिप पाहिजे? पोर्टल आहे की. रजा किती उरली? पोर्टलवर बघा. पैसे का अडकले? पोर्टलवर तक्रार टाका. पूर्वी खिडकीतला माणूस निदान "साहेब जेवायला गेलेत, तीन वाजता या" असं म्हणायचा. म्हणजे तीन वाजता कुणीतरी भेटण्याची शक्यता असायची. पोर्टल जेवायलाही जात नाही आणि भेटतही नाही.

मंडळी, गैरसमज नको. मी काही कॉम्प्युटरच्या विरोधात नाही, माझं पोटच त्याच्यावर चालतं. (हे आमच्या मावशीला अजून नीट कळलेलं नाही. तिच्या मते मी 'टायपिंगचं काहीतरी' करतो. असो.) माझं भांडण वेगळंच आहे. कामाच्या ठिकाणचं पोर्टल ठरवताना ज्यांनी ते वापरायचं त्यांना सोडून बाकी सगळ्यांना विचारलं जातं. आणि मग ते चाललं नाही की म्हणायचं, "आपले लोक अजून तयार नाहीत." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. लोक तयार नाहीत की तुम्ही?

काही वर्षांपूर्वी एका कापडाच्या कारखान्यात 'कर्मचारी पोर्टल'ची बैठक होती. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण असे कारखाने तुमच्याही गावात असतील. बैठकीला सात जण. मालकांचे चिरंजीव, मॅनेजर, अकाउंट्सचे साहेब, एचआरच्या मॅडम, पुण्याहून आलेले दोन टायवाले आणि तांत्रिक सल्ला द्यायला मी. चहा आला, खारे काजू आले. पहिला प्रश्न, होमपेजवर काय पाहिजे? मालकांचा फोटो आणि संदेश. मग संस्थापकांचा फोटो, हारासकट. मग व्हिजन, मग मिशन. (दोन्हीत फरक काय हे कुणालाच सांगता येईना, म्हणून दोन्ही ठेवायचं ठरलं.) मग गणपतीची आणि दसऱ्याच्या मशीनपूजेची फोटो गॅलरी. मग सरकती बातम्यांची पट्टी. आणि खाली 'आपण अमुकावे पाहुणे आहात'. पाहुणे! वीस वर्षं तिथं माग चालवणारा माणूस त्याच्याच कारखान्यात पाहुणा!

दीड तास झाला तरी कामगार या पोर्टलवर नेमका कशासाठी येणार हे कुणी बोललंच नव्हतं. मी विचारलं. चिरंजीव म्हणाले, "म्हणजे काय, माहिती बघायला." कोणती माहिती? "सगळी."

त्या कारखान्यात टाइम ऑफिसच्या खिडकीत एक कारकून होते. निवृत्तीला आलेले, तोंडात सुपारी, समोर हजेरीचं जाड रजिस्टर. बैठकीनंतर मी त्यांच्याकडे गेलो आणि विचारलं, काका, लोक तुमच्याकडे येऊन काय विचारतात? त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. या महिन्यात हजेरी किती भरली, ओव्हरटाइम धरला का, उचल किती कापली, रजा किती उरली आणि फंड भरला का. पाच बोटं, पाच प्रश्न. जरा थांबून म्हणाले, "दिवाळीच्या आधी सहावा. बोनस कधी?"

माझ्या मते सगळा आराखडा त्या एका हातावर होता. पहिल्या पानावर ही पाच उत्तरं, मोठ्या अक्षरात, मराठीत. बाकी सगळं खाली कुठेतरी. मी हे पुढच्या बैठकीत मांडलं. "मग मालकांचा फोटो कुठे?" असा प्रश्न आला आणि विषय संपला. नारळ फुटला, पोर्टल सुरू झालं. सहा महिन्यांनी गेलो तेव्हा काकांच्या खिडकीपुढची रांग तेवढीच होती. पाहुण्यांचा आकडा मात्र वाढत होता, कारण अकाउंट्समधल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडला की तेच पान उघडेल अशी सोय करून ठेवली होती :)

हे काही सोलापूरचंच वैशिष्ट्य नाही. रँडल मन्रो नावाच्या माणसाचं 'एक्सकेसीडी' नावाचं चित्रमालिकेचं पान आहे. २०१० मध्ये त्याने विद्यापीठांच्या वेबसाइटवर एक चित्र काढलं होतं. दोन वर्तुळं. एकात होमपेजवर असणाऱ्या गोष्टी, म्हणजे आवाराचे फोटो, अध्यक्षांचं पत्र, संस्थेचं तत्त्वज्ञान. दुसऱ्यात लोक ज्यासाठी येतात त्या, म्हणजे अर्जाचे नमुने, फोन नंबर, पार्किंगची माहिती. दोन्ही वर्तुळांत सामाईक गोष्ट एकच, संस्थेचं पूर्ण नाव. आमच्या कारखान्यात तेही नव्हतं, नुसता लोगो होता.

आता तुम्ही म्हणाल, एका कारखान्याच्या पोर्टलवरून एवढा राग कशाला? तिथं खिडकी होती, काका होते, रांग लावली की काम होत होतं. खरं आहे. पण तीच बैठक देशपातळीवर झाली आणि खिडकी खरोखरच बंद झाली, तर काय होतं ते बघायला मला लांब जावं लागत नाही. आमच्या शुक्रवार पेठेतून पूर्व भागात गेलं की पुरे.

बाहेरच्या मंडळींसाठी सांगतो. सोलापूरचा पूर्व भाग म्हणजे मुख्यतः तेलुगू बोलणारी वस्ती. पिढ्यान्‌पिढ्या पुरुष मागावर आणि बायका विडी वळायला. ब्रँचमधून पान आणि तंबाखू आणायचा, घरी बसून विड्या वळायच्या, जुड्या बांधायच्या आणि नेऊन द्यायच्या. मजुरी हजार विड्यांवर. खराब वळलेल्या विड्या कारकून बाजूला काढतो, त्याचे पैसे नाहीत. अशा हजारो बायका या शहरात आहेत. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो.

या अक्कांचं कामाचं ठिकाण कोणतं? हा प्रश्न थेट सुप्रीम कोर्टात गेला होता. १९७७ मध्ये विडी उद्योगाला प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा लागू झाला. मालकांचं म्हणणं, घरी बसून विड्या वळणाऱ्या बायका आमच्या नोकर नाहीतच. १९८५ मध्ये पी. एम. पटेल अँड सन्सच्या खटल्यात कोर्टाने सांगितलं, आहेत. त्यातला एक मुद्दा मला फार आवडतो. खराब विडी नाकारण्याचा हक्क मालकाकडे आहे ना? मग त्या कामावर त्याचं नियंत्रण आहे, आणि म्हणून ती बाई त्याची कामगार आहे. ज्या छाटणीत पैसे गेले, तीच अक्कांच्या बाजूने साक्ष द्यायला उभी राहिली! म्हणजे घराचा ओटा हेही कामाचं ठिकाण असतं, हे कायद्याला पटायला आठ वर्षं लागली. पोर्टलवाल्यांना ते अजून पटलेलं दिसत नाही.

२०१४ मध्ये भविष्य निर्वाह निधी संघटनेने, म्हणजे ईपीएफओने, प्रत्येक सभासदाला बारा आकडी यूएएन नंबर द्यायला सुरुवात केली आणि त्याच्यासोबत सभासदांचं पोर्टल आलं. कल्पना उत्तम होती, याबद्दल वादच नाही. नोकरी बदलली तरी नंबर तोच, मालकाने पैसे भरले की नाही ते कामगाराला स्वतः बघता येणार, पैसे काढायला मालकाची सही मागत फिरायला नको. कामगाराच्या हातात ताकद देणारी गोष्ट होती ही. म्हणूनच जास्त चीड येते. कारण ते आखताना डोळ्यापुढे कोण होतं ते प्रत्येक पानावर दिसतं. पुण्या-बंगळूरच्या ऑफिसातला पस्तिशीचा माणूस. स्वतःचा मोबाइल, तो आधारला जोडलेला, इंग्रजी येतंय, आणि दहावीच्या सर्टिफिकेटपासून बँकेच्या पासबुकापर्यंत नाव एकाच स्पेलिंगचं.

आता अक्कांचं बघा. मोबाइल घरात एक, तो मुलाकडे, आणि मुलगा कामावर. ओटीपी येतो तो मुलाच्या खिशात, आणि दहा मिनिटांत मरतो. भाषा घरात तेलुगू, बाजारात मराठी. पोर्टलवर इंग्रजी, गेलाबाजार हिंदी. आणि नावाची तर वेगळीच गंमत. तेलुगू नाव, मराठी कारकुनाने ऐकून रजिस्टरमध्ये लिहिलेलं, त्याचं कुणीतरी इंग्रजी केलेलं. लक्ष्मी, लक्ष्मीबाई, लक्षुमी. ब्रँचमध्ये माहेरचं आडनाव, कारण काम लग्नाआधी सुरू केलं. आधारवर सासरचं. बँकेत नवऱ्याचं नाव मधे. जन्मतारखेचं विचारूच नका. आमच्या पिढीत शाळेत घातलेल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला असतो. ज्यांना शाळेतच घातलं नाही त्यांचा रजिस्टरात एक आणि आधारवर दुसरा. त्या बाईच्या दृष्टीने यात चूक कुठेच नाही. ती एकच बाई आहे. पोर्टलच्या दृष्टीने त्या तीन बाया आहेत, आणि तिघींपैकी एकीलाही पैसे देता येत नाहीत.

आणि बोटं! ज्यांनी अक्कांना कधी विडी वळताना पाहिलंय त्यांना माहीत आहे. पान कापायचं, तंबाखू भरायचा, अंगठ्याने गुंडाळायचं, टोक नखाने आत दाबायचं. दिवसाला शेकड्यांनी, आणि हे तीस-चाळीस वर्षं. बोटांवरच्या रेषा झिजून जातात. २०१४ मध्येच पेन्शनरांसाठी 'जीवन प्रमाण' आलं. हयातीचा दाखला आता घरबसल्या, फक्त अंगठा लावा. ज्या कामाची पेन्शन, त्याच कामाने अंगठा पुसला गेलेला. जिवंत असल्याचा पुरावा मशीनला सापडेना. चेहरा दाखवून हयात सिद्ध करायची सोय आली ती २०२१ च्या नोव्हेंबरात, सात वर्षांनी. पेन्शनची किमान रक्कम महिना १००० रुपये आहे. ज्यांना ती फुटकळ वाटते त्यांनी पूर्व भागात येऊन बोलावं.

"हे सगळं आधी कसं कळणार?" असं पुण्याचे टायवाले विचारतात. कळलेलं असतं हो! २०२१ मध्ये आधार जोडल्याशिवाय फंड भरता येणार नाही असा नियम आला, तेव्हा ईपीएफओने काही उद्योगांना ३१ डिसेंबरपर्यंत मुदत वाढवून दिली. त्या यादीत मळे होते, बांधकाम होतं आणि विडी होती. म्हणजे अडचण कुठे आहे हे वरच्यांना नावानिशी माहीत होतं. पण त्यांनी केलं काय? चार महिने दिले. विहिरीला पायऱ्या नाहीत हे माहीत असताना पोहायला शिकायला चार महिने द्यावेत तसं.

मग काम कसं चालतं? चौकाचौकात 'ऑनलाइन' अशी पाटी लावलेलं दुकान असतं. एक पोरगा, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, लॅमिनेशनचं मशीन. अक्का कागदांची पिशवी त्याच्यापुढे रिकामी करतात. यूएएन त्याच्या वहीत, पासवर्ड त्याच्या वहीत, बऱ्याचदा मोबाइल नंबरही त्याचाच. कागदोपत्री पोर्टलच्या वापरकर्त्या हजारो अक्का आहेत, प्रत्यक्षात वापरकर्ता तो पोरगा आहे. त्याला नावं ठेवायला मी तयार नाही, उलट त्याच्याइतका पोर्टलचा अभ्यास दिल्लीत कुणी केला नसेल. कोणत्या चौकटीत स्पेस दिली की फॉर्म अडतो ते त्याला पाठ आहे. पण जी व्यवस्था मालकाच्या सहीपासून सुटका करायला आली, तिने अक्कांना एका अनोळखी पोराच्या वहीत नेऊन बसवलं. हे कुणी आखलं होतं का? नाही. न आखल्यामुळेच झालं.

आकडा पाहिजे? २०२२-२३ मध्ये फंडाच्या अंतिम रकमेसाठी सुमारे ७४ लाख दावे आले आणि त्यातले जवळपास २५ लाख फेटाळले गेले. तीनातला एक! पाच वर्षांपूर्वी, २०१७-१८ मध्ये, हे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे देशात पोर्टल सुधारत गेलं आणि नकार वाढत गेले. एखाद्या हॉटेलात तीनातलं एक गिऱ्हाईक उपाशी परत जात असेल तर गिऱ्हाइकाला जेवता येत नाही असं कुणी म्हणेल का?

आणि नकाराची कारणं काय, तर नावात फरक, तारखेत फरक, चेकचा फोटो अस्पष्ट. हा चेकचा किंवा पासबुकाचा फोटो चढवायची अट २०२५ च्या एप्रिलमध्ये काढून टाकली. खातं आधीच बँकेकडून तपासलेलं असतं, फोटोची गरजच नव्हती, असं तेव्हा लक्षात आलं. मग इतकी वर्षं कशाला मागत होता बाबांनो? त्याच वर्षी जानेवारीत आणखी एक सुधारणा झाली. नाव, जन्मतारीख वगैरे दुरुस्त्या सभासदाला मालकाशिवाय स्वतः करता येऊ लागल्या. फारच छान. पण कुणाला? ज्यांचा यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा आहे त्यांना. त्याआधीच्यांनी मालकामार्फतच जायचं. आता सांगा, नावांचा गोंधळ सगळ्यात जास्त कुणाच्या खात्यात असणार? जुन्यांच्याच ना? तिशी-चाळिशी विड्या वळण्यात गेलेल्या आणि ज्यांची ब्रँच कदाचित कधीच बंद झालीय त्यांच्या? बसून एका अक्कांची पिशवी उघडली असती तरी हे दिसलं असतं.

इथे मला नेहमीचं उत्तर मिळतं. इतक्या कोटी लोकांसाठी पोर्टल करायचं तर एकेकीजवळ बसून कसं विचारणार? एकेकीजवळ नकोच. दहाजणींजवळ बसा. आणि हे काही मी काढलेलं खूळ नाही. क्रिस्टन नायगार्ड हा नॉर्वेचा संगणकतज्ज्ञ. ज्याला आपण ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग म्हणतो त्याच्या जनकांपैकी एक. हा माणूस १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पोलाद आणि धातू कामगारांच्या युनियनबरोबर बसला, कारखान्यात येणाऱ्या कॉम्प्युटरचं कामगारांना काय पाहिजे ते ठरवायला. पुढे १९८१ मध्ये तिकडेच छपाई कामगारांच्या युनियनबरोबर 'युटोपिया' नावाचा प्रकल्प झाला. वर्तमानपत्राची पानं लावणारी माणसं आणि संशोधक एकत्र बसले. पाहिजे तसं यंत्र तेव्हा हाताशी नव्हतं, तर त्यांनी पुठ्ठ्याची आणि लाकडाची खोटी यंत्रं केली. खोक्यापुढे बसायचं आणि काम केल्यासारखं करायचं. जिथं अडेल तिथं पुठ्ठा कापायचा, नवा चिकटवायचा. पुठ्ठा स्वस्त असतो हो. सॉफ्टवेअर झाल्यावर कापायला गेलं की टेंडर निघतं.

ब्रिटन सरकारने २०१२ मध्ये आपल्या शेकडो साइट बंद करत एक साइट आणली, तेव्हा आखणीची तत्त्वं जाहीर केली होती. त्यातलं पहिलंच तत्त्व वापरणाऱ्याच्या गरजेपासून सुरुवात करा हे, आणि गरज त्याची, सरकारची नव्हे. टाइम ऑफिसच्या काकांनी ते सुपारी चघळत सांगितलं होतं, पण लंडनहून आलं की पॉवरपॉइंटमध्ये शोभून दिसतं.

लांब कशाला जा, खुद्द ईपीएफओनेच एक गोष्ट झकास केली. मिस्ड कॉल. नोंदवलेल्या नंबरवरून फोन लावायचा, दोन रिंग झाल्या की तो आपोआप कट होतो, आणि शिल्लक मेसेजने येते. फोन साधा चालतो, पैसे पडत नाहीत, पासवर्ड नाही. एसएमएसची सोय आहे तिच्यात तर शेवटी भाषेची तीन अक्षरं लिहिली की उत्तर मराठीत येतं, तेलुगूत येतं, कन्नडमध्ये येतं. मिस्ड कॉल देणं हे आपल्या लोकांचं कितीतरी जुनं कौशल्य! कुणीतरी लोकांकडे बघितलं आणि त्यांना जे येतं त्यावर सोय बांधली. "लोक तयार नाहीत" ही तक्रार मिस्ड कॉलबद्दल मी कधी ऐकली नाही. ज्या ऑफिसला हे सुचलं त्याच ऑफिसच्या पोर्टलवर नकाराचं कारण तुटक इंग्रजीत येतं, याचं मला कोडं आहे.

एकदा पूर्व भागात एका अक्कांना मी मोठ्या उत्साहाने शिल्लक कशी बघायची ते दाखवत होतो. त्या म्हणाल्या, "दादा, किती जमलं ते मला तोंडपाठ हाय. हातात कधी येतंय ते बघ की." तेवढ्या एका वाक्यात पोर्टलचं पहिलं पान ठरतं. शिल्लक किती, हे तिथं दुसऱ्या ओळीत. पहिल्या ओळीत पाहिजे, तुमचे पैसे मिळायला काही अडलंय का, काय अडलंय, आणि ते सोडवायला कुणाकडे जायचं. तेही अर्ज करायच्या आधी, नकारानंतर नव्हे. नाव जुळत नाही हे मशीनला नकार देताना कळतं, मग दहा वर्षं आधी का सांगता येऊ नये? बाई पंचेचाळिशीची असताना सांगा, तेव्हा तिची ब्रँच चालू असते, कारकून ओळखीचा असतो.

२०२५ मध्ये 'ईपीएफओ ३.०'ची चर्चा सुरू झाली. फंडाचे पैसे एटीएममधून काढता येतील वगैरे. ज्यांचं नाव जुळतं त्यांना ते आधीही सोपं होतं, आता आणखी सोपं होईल. यश कसं मोजणार, तर किती जणांनी नोंदणी केली यावरून. मी एकच आकडा मागतो. किती जणांना दुकानातल्या पोराशिवाय, पहिल्या फटक्यात पैसे मिळाले? तो आकडा पोर्टलच्या पहिल्या पानावर लावा, हवं तर सरकत्या पट्टीत.

आमच्याच घरातली तीन भाचरं हिंजवडीत बसून असली पोर्टलं बनवतात आणि हे वाचतात हे मला माहीत आहे. पोरांनो, तुमच्या पुढच्या 'रिक्वायरमेंट'च्या मीटिंगआधी एक दिवस सोलापूरला या. मी घेऊन जातो ब्रँचवर. लॅपटॉप आणू नका, वही आणा. आणि सकाळी लवकर निघा, कारण जुड्या मोजून झाल्या की अक्का घरी जातात, तुमच्यासाठी थांबणार नाहीत. मामीने जेवायला शेंगाची चटणी आणि कडक भाकरी करायचं कबूल केलंय.